गायकवाड मॅडमचं ऊन

गायकवाड मॅडमकडे रोज दोन डबे असायचे. एक स्टीलचा. त्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरात असेल ती भाजी. दुसरा श्रीखंडाचा रिकामा झालेला पांढरा डबा, त्याच्या झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली बारीक भोकं. माझा ऑफिसातला पहिला दिवस होता आणि या दोन डब्यांमधला फरक मला कुणी सांगितलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मॅडम हात धुवायला उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "डबा उघड गं, आलेच." पहिल्याच दिवशी गोड खायला मिळतंय या आनंदात मी श्रीखंडाचा उघडला. आत कडुलिंबाच्या डहाळीवर करंगळीएवढा सरडा बसलेला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरून शिवप्पा शिपाई पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

मॅडम पदराला हात पुसत परत आल्या. त्यांनी शांतपणे झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "घाबरवलंस की त्याला." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू कुटल्या झाडावरची गं?"

मला काही कळेना. शिवप्पानं समजावलं, "गाव विचारायल्यात मॅडम."

"करमाळा," मी म्हणाले.

"बरं. करमाळा, बस. भाकरी घे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी करमाळा झाले. माझं लग्न झालं, आडनाव बदललं, मी दोन बढत्या घेतल्या, तरी मॅडमसाठी मी करमाळाच राहिले. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. बाजारात कुणी दुसऱ्याच कारणानं 'करमाळा' म्हटलं तरी माझी मान वळते.

मॅडम आमच्या हेडक्लार्क होत्या. त्यांनी लिहिलेल्या टिपणीत साहेबलोक स्वल्पविरामही बदलत नसत, इतकी ती नेटकी असे. बोलणं मात्र शेवटपर्यंत कुंभारीचं राहिलं. माहेर सोलापूरजवळचं कुंभारी आणि घरही कुंभारीच्याच रस्त्याला, शहर संपता संपता. "लिवताना सरकारचं लिवायचं, बोलताना आईचं बोलायचं," असं त्या म्हणत. ऑफिसात सगळे त्यांना घाबरून असत. कुणाची रजा विनाकारण वाढली, कुणी चहाला गेला तो तासभर आलाच नाही, तर मॅडम ओरडत नसत. नुसत्या चष्म्याच्या वरून बघत. त्यापेक्षा ओरडलेलं बरं असं आम्हाला वाटायचं.

आणि ही बाई जखमी सरडे घेऊन ऑफिसला यायची. बागेतले, कुंपणावरचे साधे सरडे. कुणाला मांजरानं पकडलेलं असायचं, कुणाच्या शेपटीवर दगड बसलेला असायचा. घरी ठेवायचे सोडून हे इथे कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "घरी कोन हाय त्याला सरकवायला? ऊन सरकतंय. डब्यातल्याला सरकता येत न्हाय."

खरं होतं ते. गायकवाड साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा अमोल पुण्याला नोकरीला होता. सोलापुरातल्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस पुण्याला असतंच, तसा. घर दिवसभर कुलूपबंद. सरड्याला बरं व्हायचं तर ऊन पाहिजे, उन्हाशिवाय त्याला खाल्लेलंसुद्धा पचत नाही. पण मोकळा सरडा ऊन फार झालं की आपला आपण पानाआड जातो, डब्यातला तिथल्या तिथे भाजून निघेल. म्हणून मॅडम सकाळी डबा पूर्वेच्या खिडकीत ठेवायच्या, दुपारी कडुलिंबाखालच्या पायरीवर, आणि चारनंतर तो माझ्या टेबलामागच्या खिडकीत यायचा. डब्याच्या अर्ध्या भागावर ओला रुमाल टाकलेला असे. आम्ही घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. डबा माझ्याकडे आला की पिशव्या आवरायच्या हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

एकदा नवे साहेब आले. तपासणीसाठी फिरताना त्यांनी माझ्या खिडकीतला डबा पाहिला, भोकांतून आत डोकावले आणि दोन पावलं मागे सरले. "हे काय आहे? हे इथून काढा आधी," ते म्हणाले.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. साहेबांशी त्या नेहमी उठूनच बोलत. "काढते की साहेब," त्या म्हणाल्या. "पाचपातूर ऊन हाय हितं. मग काढते."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ते पुढे गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या ड्रायव्हरच्या हातानं एक सरडा पाठवला, त्यांच्या बंगल्याच्या टाकीत पडलेला. मॅडमनी ड्रायव्हरकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं, "कुटल्या झाडावरचा?" ड्रायव्हरला माहीत नव्हतं. त्याला त्यांनी तसाच परत पाठवला, आधी झाड विचारून ये म्हणून.

त्यांचा हा प्रश्न सगळ्या शहराला माहीत झाला होता असं मला वाटे. सरडा आपल्या झाडाला धरून असतो, आपली फांदी, आपला दगड, आपली उन्हाची जागा सोडून तो सहसा दूर जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून जिथून आणला तिथेच सोडायचा. त्यासाठी मॅडम रविवारी रिक्षा करून कुठे कुठे जात. डबा मांडीवर धरलेला. एकदा एका सरड्यासाठी त्या होटगीपर्यंत गेल्या होत्या. रिक्षावाल्यानं डब्यात काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "पावना हाय. घरी सोडायला चाललोय."

त्यांची आणखी एक सवय होती आणि ती बघून नवी माणसं चक्रावत. मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, बारशाला असो की मयतीला, की आधी मागच्या बाजूला जाऊन पाण्याचे बॅरल बघत. सोलापुरात नळाला पाणी रोज कुठलं यायला. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं झाडून सगळं भरून ठेवायचं, बॅरल, टाक्या, पिंप, अगदी पातेलीसुद्धा. उन्हाळ्यात तहानलेले सरडे या भरलेल्या पाण्यात उतरतात आणि प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही. मॅडम अंगणातली एखादी काठी शोधून प्रत्येक बॅरलमध्ये तिरकी उभी करत. यजमानीणबाई म्हणायच्या, "अहो मॅडम, पाण्यात कचरा जातो." मॅडम म्हणायच्या, "मेलेलं काढण्यापेक्षा काठी बरी की." माझ्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी साडी दिलीच, पण सासरी पहिल्यांदा आल्या तेव्हा सासूबाईंना नमस्कार करायच्या आधी परसात जाऊन दोन काठ्या लावून आल्या. सासूबाई ते पुढे कित्येक दिवस सांगत होत्या.

हे सगळं सुरू कसं झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पायरीवर बसलो होतो, डबा आमच्या दोघींच्या मध्ये. "पयला आमच्याच बॅरलमदी पडल्याला," त्या म्हणाल्या. "मे महिना. काढला, पुसला, जीव होता. मला वाटलं, एवढ्या उनाचं बिचाऱ्याला किती तरास हुत असंल. म्हणून कूलरम्होरं ठेवला. ओलं फडकं घातलं अंगावर. आपल्याला जे बरं वाटतंय तेच की. त्यो काळा पडत गेला. मी आनखी पानी शिंपडलं. संध्याकाळी बगितलं तर न्हाय." त्यांनी डब्यावरचा रुमाल जरासा सरकवला. "मी त्याला गार करून मारलं बघ. त्यो काळा पडत हुता त्यो ऊन मागत हुता. मला कळलं न्हाय."

त्यानंतर कुणी पुढाऱ्याबद्दल बोलताना 'सरड्यासारखा रंग बदलला' म्हणालं की मॅडमना ते सहन होत नसे. "सरडा काळा हुतोय ऊन घ्यायला," त्या म्हणत. "ह्यो कशाला हुतोय?"

त्या सरड्यांना नावं ठेवत नसत. मी एकाला चिंगू म्हणायला लागले होते, तेव्हा मला बजावलं, "नाव ठिवलं की आपलं हुतंय. आपलं झालं की सोडवत न्हाय." तरीही मला तो माझा वाटायचा. त्याच्या जबड्याची जखम भरेपर्यंत मी त्याला चिमट्यानं नाकतोड्याची पिल्लं भरवली होती, रोज माझ्या खिडकीत तो माझ्याकडे बघत बसायचा. त्याला सोडायला मॅडमनी मुद्दाम मला नेलं. पोस्टाच्या मागच्या बाभळीवर मी डबा टेकवला. तो सरसर वर गेला आणि खोडाच्या पलीकडच्या बाजूला नाहीसा झाला. मी वळून त्या बाजूला गेले, तर तो इकडच्या बाजूला आला. मी इकडे आले, तर तो तिकडे. शेवटी मी रडकुंडीला आले. "मॅडम, हा तर मला ओळखतसुद्धा नाही."

"मग बेस झालं की," मॅडम म्हणाल्या. "वळख दाखवली न्हाय की समजायचं, बरा झाला. चल, रिक्षा थांबलीय."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढी दोन महिने सेवा करायची आणि वर हे ऐकायचं.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच वर्षी पावसाळ्यात ऑफिसच्या आवारातलं कोयनेलच्या झुडपांचं कुंपण काढलं. गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. जेसीबी आला आणि सकाळच्या चहाआधी सगळं कुंपण उपटून बाजूला ढीग घातला. त्या ढिगाखालून शिवप्पानं एक सरडी काढली, मागचा एक पाय चेंगरलेला. मॅडम निवृत्त झाल्या आहेत याचा त्याच्या दृष्टीनं काही संबंध नव्हता. डबा घेऊन तो सायकलवरून थेट कुंभारी रस्त्याला गेला. "मॅडम, आपल्या कुंपणातली हाय. मी आणलोय," एवढं सांगून तो परत आला.

सरडी बरी झाली. पाय वाकडाच राहिला, पण चढायला, पकडायला ती तयार झाली. आणि पहिल्यांदाच मॅडम अडल्या. तिला नेऊन सोडायची ती जागाच आता नव्हती. तिथे सिमेंट घातलं होतं आणि वर पांढरे पट्टे ओढले होते. मॅडमनी तिला त्यांच्या जुन्या जाळीच्या कपाटात ठेवली, पूर्वी ज्यात दूध ठेवत त्या. रविवारी मी गेले की आम्ही दोघी तिच्यासमोर बसायचो. "कुटं सोडू हिला, करमाळा?" त्या विचारायच्या. बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे उदबत्ती, शेजारी जाळीचं कपाट आणि त्यात डहाळी धरून बसलेली ती, असं ते घर माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दिवाळीच्या सुमारास मॅडम न्हाणीत पडल्या. मांडीचं हाड मोडलं. अमोल रात्रीतून गाडी घेऊन आला आणि ऑपरेशन झाल्यावर त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्यात चूक काहीच नव्हती, एकुलता एक मुलगा आणि गुणी. निघताना मॅडमना गाडीत बसवलं, पाय उशीवर ठेवला, आणि त्यांनी काचेतून मला बोलावलं. मला वाटलं, घराची किल्ली देतील. किल्ली दिलीच, पण म्हणाल्या, "तिला तू ने. मी उन्हाळ्यात येते. तवर सोडू नगंस."

जाळीचं कपाट आमच्या गच्चीवर आलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच पिठातल्या अळ्या वेचून तिला घालताना दिसल्या.

मग मॅडमचे फोन सुरू झाले. कशी आहेस, मुलं कशी आहेत, असलं त्या काही विचारत नसत. "ऊन कुटवर आलंय?" हा पहिला प्रश्न असायचा. मी सांगायची, गच्चीच्या कठड्यावर आलंय, आता तुळशीपाशी आलंय, आज ढग आहेत. त्या ऐकत राहायच्या. मी विचारायची, "तुमच्याकडं आहे का ऊन?" तर म्हणायच्या, "हितं हाय की. लांब हाय. समोरच्या बिल्डिंगीवर पडतंय, दिसतंय मला." एकदा नुसत्या म्हणाल्या, "करमाळा, जरा बोल उन्हाबद्दल." आता उन्हाबद्दल सोलापूरच्या माणसानं काय बोलायचं? आम्ही जन्मभर त्याला शिव्याच दिलेल्या. तरी मी सांगत राहिले, पत्रा कसा तापलाय, वाळत घातलेली चादर कशी कडक झालीय, अनवाणी पाय टाकवत नाही गच्चीवर. फोन ठेवला गेला नव्हता एवढंच कळत होतं.

फेब्रुवारी संपता संपता त्यांचा आवाज बारीक झाला. एका शनिवारी मी सकाळची गाडी धरून पुण्याला गेले.

अकरावा मजला. घर स्वच्छ, पडदे जाड, जमिनीवर गालिचा. सुनेनं सूप केलं होतं, गोळ्यांचे कप्पे लावून ठेवले होते, खिडकीशी मऊ खुर्ची मांडली होती. खिडकी उत्तरेची. मॅडम स्वेटर घालून त्या खुर्चीत बसल्या होत्या, पायात लोकरीचे मोजे, आणि त्यांचा रंग काळवंडला होता. मी हात हातात घेतला तर थंडगार. त्यांनी मला ओळखलं, हसल्या. "तिचा पाय कसा हाय?" विचारलं. मग बराच वेळ समोरच्या इमारतीवरच्या उन्हाकडे बघत राहिल्या. मला त्या खोलीत बसवेना.

अमोल मला सोडायला खालपर्यंत आला. लिफ्टमध्ये मी म्हणाले, "अमोल, मॅडमना एकदा सोलापूरला घेऊन ये."

"ताई, आणलं असतं की. पण आता उन्हाळा लागतोय," तो म्हणाला. "तिथं काय हालत होते तुम्हाला माहितीय. डॉक्टरपण म्हणाले, उन्हापासून जपा. इथं बघा, एसी आहे, गारवा आहे. तिला त्रास नको म्हणून तर सगळं केलंय मी."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मॅडमनी पहिला सरडा कूलरसमोर ठेवला होता, ते सांगितलंय का कधी तुला?"

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आम्ही बाहेर आलो. गेटपाशी आल्यावर तो थांबला. "आई असंच सांगते का? तिनं ठेवला म्हणून?"

"हो. मी त्याला गार करून मारलं, म्हणतात."

"मी ठेवला होता, ताई," अमोल म्हणाला. "चौथीत होतो. आई ऑफिसला गेलेली. मीच बॅरलमधनं काढला, मीच कूलर लावला, फडकं घातलं. ती आली तेव्हा तो मेलेला होता आणि मी रडत बसलो होतो. ती मला म्हणाली, तुझं काय चुकलं न्हाय, तू मायेनंच केलंस." एवढा मोठा माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, वॉचमनसमोर डोळे पुसत उभा होता. मी रिक्षा थांबवली आणि निघाले. मला खूप वाईट वाटत होतं आणि बोलले त्याचा पश्चात्तापही होत नव्हता.

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अमोल मॅडमना घेऊन आला. घर मी आणि शिवप्पानं झाडून पुसून ठेवलं होतं. पौर्णिमेच्या सकाळी मी जाळीचं कपाट रिक्षात घालून पोचले तेव्हा मॅडम अंगणातल्या पायरीवर बसलेल्या, वॉकर भिंतीला टेकवलेला, अंगात तोच स्वेटर. ऊन नुकतं त्यांच्या पावलांवर आलं होतं. मी शेजारी बसले. ऊन गुडघ्यावर आलं. मग मांडीवर. मग त्यांनी स्वेटर काढला आणि घडी करून माझ्याकडे दिला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा तो काळवंडलेपणा जात गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, उगाच सांगत नाही. अमोल दारात उभा राहून बघत होता. दर थोड्या वेळानं विचारत होता, "आई, आत घेऊ का? टोपी आणू का?" मॅडम म्हणाल्या, "अमोल, मला सरकता येतंय की. लागलं की सरकते."

बुद्धपौर्णिमेची खीर झाली, जेवणं झाली. चारला ऊन अंगणातल्या शेवग्याच्या बाजूला वळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आन तिला."

मी कपाटातून सरडीला डब्यात घेतलं. "कुठं सोडायची, मॅडम?"

"हितंच. शेवग्यावर."

"पण हे तिचं झाड नाही ना."

पुण्याच्या त्या खुर्चीत त्यांनी बहुतेक याचाच विचार केला असावा. "तिचं झाड कुटं ऱ्हायलंय आता," त्या म्हणाल्या. "आपुन दार उघडायचं. ह्ये तिचं हाय का न्हाय ते तिला ठरवू दे. मला इचारून कोन ठेवलं व्हतं त्या अकराव्या मजल्यावर?"

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या, पण ते अमोलसाठी होतं आणि त्यालाही ते कळलं. मी डबा खोडाला टेकवला. सरडी बराच वेळ हललीच नाही. मग वाकडा पाय ओढत हातभर चढली, थांबली, मान दोनदा वरखाली केली आणि वर निघून गेली. मॅडमनी डबा मागून घेतला, आतली डहाळी काढून टाकली आणि रुमालानं डबा पुसला.

चार दिवसांनी अमोल गाडी काढून उभा राहिला तेव्हा मॅडम पायरीवरून उठल्या नाहीत. वाद झाला नाही. अमोल थोडा वेळ त्यांच्याशेजारी उन्हात बसला, घामानं शर्ट भिजेपर्यंत. मग म्हणाला, "रोज फोन उचलायचा, आई." कुंभारीची एक बाई दिवसरात्र राहायला ठेवली, न्हाणीत धरायला दांडे बसवले, आणि तो गेला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं गाडी थांबवून अंगणातल्या बॅरलकडे पाहिलं. काठी होती.

तो एक उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा मॅडमना मिळाला. रविवारी मी जायची. त्या पायरीवरून वॉकर घेऊन भिंतीपाशी, भिंतीपासून शेवग्याखाली, अशा उन्हाबरोबर सरकत असायच्या. कुणी ना कुणी डबा घेऊन आलेला असायचा आणि त्याला झाड विचारलं जात असायचं. अमोल महिन्यातून दोनदा यायला लागला. मॅडम बारीक होत गेल्या, पण आवाज भरला होता. "करमाळा," त्या एकदा म्हणाल्या, "तू लई माझ्यामागं येतीस. तुला तुजं काम न्हाय का?" म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत, थंडी होती तेव्हा, त्या गेल्या. पहाटे झोपेतच. सकाळी मी पोचले तेव्हा पायरीवर ऊन आलेलं होतं. अमोल आला. बुद्धवंदना झाली, माणसं पुष्कळ आली, टाकीतला सरडा पाठवणाऱ्या त्या साहेबांच्या बंगल्यातली मंडळीसुद्धा. कुणीतरी मला सारखं पाणी देत होतं. मी रडले, पण ते लोकांसमोरचं रडणं होतं. खरं रडणं पुढे आलं, आणि अजून संपलेलं नाही.

घर अमोलनं विकलं नाही. किल्ली माझ्याकडेच आहे. मी जाते, दारं उघडते, बॅरलमधली काठी बघते, पायरीवर बसते. ऊन पावलांवर येतं, मग गुडघ्यावर. सरकायला हवं असतं, पण मी बसून राहते, कारण 'सर की गं जरा, करमाळा' म्हणणारं कुणी शेजारी नसतं.

थंडीत सरडे दिसत नाहीत. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि एका रविवारी शेवग्याच्या खोडावर ती दिसली. वाकड्या पायावरून मी लगेच ओळखली. कितीतरी महिने माझ्या गच्चीवर राहिलेली, माझ्या हातचं खाल्लेली, मॅडमच्या हातांनी पुसलेली. मला इतका आनंद झाला की मी जवळ गेले आणि चक्क म्हणाले, "अगं, मी आहे." तिनं एक डोळा माझ्याकडे फिरवला आणि सावकाश खोडाच्या पलीकडे गेली. मी पलीकडे गेले, तर ती अलीकडे आली.

मी झाडाला तीन फेऱ्या घातल्या आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले. ती बरी झाली होती. मॅडमच्या हिशेबानं बघितलं तर बरी व्हायची राहिले आहे ती मी.